माठाला हात लावून

मे महिन्यातल्या एका सकाळी साडेदहाच्या सुमारास मी माझ्या अठराही मधपेट्यांत औषध ठेवलं आणि कामासाठी सोलापूरला निघून गेलो. दुपारी दोनला आत्याचा फोन आला.

“तुझ्या माश्या समद्या भाइर येऊन बसल्यात रं. दाढीसारख्या लोंबायल्यात. आत काय ठेवलंयस तू?”

उन्हाळ्यात पेटी तापली की माश्या बाहेर येऊन लोंबतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, असं मी तिला समजावलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “रोज बसत्यात त्या मी बघते की. आज कुणी पंख हलवंना झालंय. आन वास मारतोय.”

मंगळवेढ्यावरून गावी पोचेपर्यंत साडेपाच वाजले. आमचं गाव सांगोला तालुक्यात. डाळिंबाची बाग, बागेच्या बांधावर एक कडुनिंब, त्याखाली आठ पेट्या आणि उरलेल्या दहा पलीकडे उघड्यावर. मी आधी उघड्यावरच्या एका पेटीचं झाकण काढलं. आंबट, झोंबणारा वास नाकात घुसला आणि डोळ्यांतून पाणी आलं. आत कोपऱ्यात काचेची छोटी बाटली होती, तिच्या तोंडाशी कापसाची वात. बाटलीत थेंब नव्हता. वात चिमटीत धरली तर उन्हात वाळलेल्या कापसासारखी कोरडी लागली. पाच मिली औषध दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत पुरायला हवं होतं. ते दुपारीच उडून गेलं होतं.

पेटीच्या दाराशी एक कामकरी माशी उलट्या पावलांनी चालत होती. तोंडात एक पांढरं पिलू धरून ती त्याला बाहेर ओढत होती. कोषातलं पिलू होतं ते. पाय जुळलेले, अंग मेणासारखं, डोळ्यांना नुकता जांभळा रंग चढू लागलेला. आठवडाभरात ते माशी होऊन बाहेर पडलं असतं. काठावर येऊन तिनं ते खाली टाकलं आणि दुसरं आणायला आत गेली. खाली मातीत अशी पिलं मुठीनं गोळा करावीत इतकी पडली होती.

त्या आठवड्यात चार पेट्यांतल्या राण्या गेल्या. दोन पेट्यांतल्या माश्या उठून गेल्या त्या परत आल्या नाहीत. उरलेल्यांत अंडी आणि लहान अळ्या जवळपास नाहीशा झाल्या. औषध खोटं नव्हतं, मात्रा पुस्तकात असते तीच होती. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पहिले कितीतरी दिवस मी दोष त्या बाटलीत शोधत होतो.

औषधाची वेळ का आली, तेही सांगायला हवं. आमच्या भागात डाळिंबाला आंबे बहार धरला की जानेवारी-फेब्रुवारीत कळी निघते. फुलोऱ्यात बागेत पेट्या असल्या की सेटिंग चांगलं होतं, फळ घाटदार येतं. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून उभं आहे. पण बागेतल्या माशीची विचारपूस करायची सवय अजून आम्हा बागवाल्यांना लागायची आहे. मला ती लागली होती, याचा मला अभिमान होता. त्या वर्षी बहार सुंदर निघाला. मात्र एप्रिलच्या शेवटी पेट्यांसमोर जमिनीवर सरपटणाऱ्या माश्या दिसू लागल्या. पंख होते, पण जळक्या कागदासारखे चुरगळलेले. एकीला तळहातावर घेतलं तर तिच्या पोटाच्या कडेला एक तांबूस ठिपका चिकटलेला दिसला. नखानं हलवला तर तो चालायला लागला.

ती व्हरोआ माइट. आपण पिकावर लाल कोळी म्हणतो, त्याच गोतातली. रुंदी जेमतेम दीड मिलिमीटर, लांबीपेक्षा रुंदी जास्त, खेकड्यासारखी चपटी. माशीच्या पोटातली चरबी खाऊन जगते आणि खाता खाता पंख वाकडे करणारा विषाणू तिच्या अंगात सोडते. हिची वीण मात्र उघड्यावर होत नाही. अळीचं घर मेणानं बंद होण्याच्या जरा आधी ही आत शिरते, अळीच्या खाण्यात बुडून लपते, आणि घर बंद झालं की आत अंडी घालते. कामकरी माशीचं घर बारा दिवस बंद असतं. बारा दिवसांनी माशी बाहेर पडते तेव्हा तिच्यासोबत आई आणि मुली अशा सगळ्या बाहेर येतात. बाहेरून फवारा, धूर, काहीही करा, निम्म्याहून अधिक माइट मेणाच्या झाकणाखाली सुरक्षित असतात.

म्हणून फॉर्मिक आम्ल. त्याची वाफ मेणाचं झाकण ओलांडून आत जाते. मुंग्यांच्या अंगात हे आम्ल असतं. 1671 साली जॉन रे नावाच्या इंग्रज अभ्यासकानं मुंग्यांचं ऊर्ध्वपातन करून ते वेगळं काढलं होतं. पिलाव्यासकट, म्हणजे अंडी, अळ्या, कोष यांच्यासकट उपचार करायचा तर आपल्याकडचे मधपाळ, पिढ्यान्पिढ्या नाही पण बरीच वर्षं, हेच वापरतात. मीही एका प्रशिक्षणात शिकलो होतो. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: “फॉर्मिक 85 टक्के, 5 मिली, रोज, 15 दिवस.”

त्या रात्री मी ओसरीवर बसलो होतो. जेवण गेलं नव्हतं. आत्या पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाणी इतकं गार होतं की दात शिवशिवले. बाहेर रात्री नऊलाही भिंती धग टाकत होत्या.

“गार हाय न्हवं?” ती म्हणाली. “माठ कशानं गार पडतो, ठावं हाय का?”

“पाझरतो म्हणून.”

“पाझरतो आन उडून जातो म्हणून. आज भरलेला माठ उद्या सकाळच्याला चार बोटं उतरतो. आषाढात तसाच भरून ठेव, बोटभर उतरायचा न्हाई. माठ तोच, पाणी तेच.” जरा थांबून तिनं विचारलं, “तुझ्या बाटलीतलं औषध कसं जातं?”

“वातीतून उडतं.”

“मंग?”

एवढं विचारून ती आत गेली. मी मात्र बराच वेळ तांब्या हातात धरून बसून राहिलो.

पाच मिली रोज, म्हणजे चोवीस तासांत थोडं थोडं, पेटीतल्या हवेत विरत जाणारं पाच मिली. ते चार तासांत उडालं तर माशीच्या नाकाशी येणारी वाफ सहापट झाली. मात्रा बाटलीवर मोजतात, पण माशीला लागते ती हवेतली. आणि माइट मरेल पण माशी वाचेल, या दोहोंमधली फट फार अरुंद आहे. परदेशात फॉर्मिकच्या ज्या तयार पट्ट्या मिळतात, त्यांच्या सूचनेत तापमान लिहिलेलं असतं: दिवसाचा पारा 10 ते साडेएकोणतीस अंशांदरम्यान असावा, पहिल्या तीन दिवसांत तो 33 च्या वर गेला तर पिलावा आणि राणी दोन्ही जायचा धोका. त्या दिवशी आमच्याकडे 42 अंश होतं.

त्याहून वाईट एक गोष्ट मला रात्री उशिरा उमगली. पिलावा असतो त्या भागाचं तापमान माश्या बाराही महिने 34-35 अंशांवर राखतात. बाहेर 42 असताना हे कसं जमतं? आत्याच्या माठासारखंच. पाणी आणतात, घरांच्या काठावर त्याची पातळ झिलई लावतात आणि शेकडो जणी एका दिशेनं तोंड करून पंखांनी वारा घालतात. पाणी उडतं, पोळं गार राहतं. त्या सकाळीही त्या हेच करत होत्या. त्यांचा वारा वातीवरून वाहत होता, आणि त्या जितक्या जोरानं पेटी गार करायला धडपडत तितक्या जोरानं ते आम्ल उडत होतं. शेवटी वाफ सोसेना, तेव्हा त्यांनी वारा घालणं सोडलं आणि बाहेर येऊन लोंबल्या. मग पेटी तापली. पिलं वाफेनं गेली की उकाड्यानं, हे सांगता यायचं नाही. दोन्हीनं गेली असणार. त्यांच्या घरातल्या एकुलत्या एका पंख्यासमोर मी विषाची वात ठेवली होती.

वही पुन्हा काढून पाहिली. प्रशिक्षण डोंगरावर झालं होतं, थंडीत. शिकवणाऱ्या गुरुजींनी वाती लावायला आम्हाला सूर्य मावळताना नेलं होतं, हे मला नीट आठवत होतं. “हवा बघून, बरं का,” हे त्यांचे शब्दही आठवले. वहीत ते कुठंच नव्हते. मी आकडा उतरवून घेतला होता, हवा उतरवून घेतली नव्हती.

माणूस एकदा पोळला की दुसऱ्या टोकाला जातो. मीही गेलो.

आषाढीच्या आधी पहिले पाऊस झाले. आभाळ भरून राहिलं. सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी, पण त्या दिवसांत हवेला जो ओला जडपणा येतो तो अंगाला कळतो. कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. आता उष्मा नाही, म्हणजे औषधाला हरकत नाही, असं मी धरून चाललो. मेची भीती मात्र अंगात होती. म्हणून मात्रा निम्मी केली, वात बारीक केली, आणि पावसाचं पाणी नको म्हणून पेट्यांची दारंही आवळली. तिसऱ्या दिवशी बाटली पाहिली तर औषध होतं तेवढंच. मला बरं वाटलं. हळूहळू जातंय, सौम्य आहे, असं मनाशी म्हणालो. फॉर्मिक आम्ल हवेतलं पाणी ओढून घेतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बाटलीतली पातळी राहत होती, पण आतलं औषध पाणचट होत चाललं होतं.

खात्रीसाठी मी साखरेची चाचणीही केली. ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण ही प्रत्येक मधपाळाला यायलाच हवी. पिलाव्याच्या चौकटीवरून साधारण अर्धा कप माश्या बरणीत घ्यायच्या, त्या तीनशेच्या आसपास भरतात; आधी राणी त्या चौकटीवर नाही याची दोनदा खात्री करायची. बरणीला जाळीचं झाकण. वरून दोन-तीन चमचे पिठीसाखर घालायची, बरणी हळूच लोळवायची, दोनेक मिनिटं थांबायचं आणि मग पांढऱ्या ताटावर उपडी धरून हलवायची. साखरेच्या भुकटीनं माइटचे पाय सुटतात, त्या जाळीतून ताटावर पडतात आणि माश्या बरणीत राहतात. ताटावर पाण्याचा शिडकावा दिला की साखर विरघळते, तांबडे ठिपके उरतात. शंभर माश्यांमागे तीन दिसले की हातपाय हलवायला हवेत.

मी तीन पेट्या तपासल्या. ठिपके निघाले शून्य, शून्य आणि एक. वहीत तारीख घालून ते आकडे मी ठळक लिहिले. बोलता बोलता शेजारच्या शेतकऱ्यानं भर घातली, दमट हवेत माइट आपोआप कमी होतात, त्यानं कुठं तरी वाचलं होतं. त्यात तथ्य आहे. पिलाव्याच्या घरात दमटपणा फार वाढला तर व्हरोआची वीण मंदावते, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण पिलाव्यातली हवा माश्या आपल्या मर्जीची राखतात. अंगणातल्या दमटीवरून पोळ्यातली दमट ठरवता येत नाही. मला तेव्हा शून्य हवं होतं, म्हणून जे कारण समोर आलं ते मी घेतलं.

आत्या चाचणीच्या वेळी शेजारीच उभी होती. तिनं बरणीत डोकावून पाहिलं. म्हणाली, “साखर चिकटलीया रं.”

“माश्यांना चिकटते ती. चिकटायलाच पाहिजे.”

तिनं काही न बोलता आतून मिठाची बरणी आणली. उपडी धरून हलवली. मीठ एका ढेकळात बरणीच्या तळाला बसलेलं, एक खडा खाली पडला नाही. “ह्या हवेत माझं मीठ सुटंना,” ती म्हणाली, “तुझी साखर कशी सुटंल?”

मी हसलो. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

भाद्रपदात, आमच्याकडे खरा पाऊस असतो त्या दिवसांत, पेट्या एकामागून एक बसायला लागल्या. मेमधल्यासारखा आकांत नव्हता. वास नाही, दाढी नाही, दाराशी ढीग नाही. फक्त रोज थोड्या कमी माश्या उडत. चौकटीवर पिलावा होता पण विरळ, दात पडलेल्या तोंडासारखा. झाकणं खोल गेलेली, काहींना टोचल्यासारखी भोकं. एक झाकण काडीनं उचकटलं तर आतून काही तरी इतक्या झपाट्यानं पळालं की नजर ठरेना. व्हरोआपेक्षा लहान, लांबट. ती ट्रोपिलेलॅप्स. आपल्या आग्या मोहोळावरची जुनी सोबतीण, तिथून पेटीतल्या माशीवर आलेली. वर्षभर पिलावा असतो अशा उष्ण मुलखात ही व्हरोआपेक्षा वेगानं वाढते. माझ्या शून्य लिहिलेल्या पेटीत दोन्ही होत्या.

या वेळी साखरेऐवजी मी साबणाच्या पाण्यानं माश्या धुतल्या. त्यात त्या तीनशे माश्या मरतात. ते मला करवत नव्हतं, म्हणूनच मी साखर धरून बसलो होतो. पाणी गाळून घेतलं. सत्तावीस ठिपके. शंभराला नऊ. उन्हाची चूक चार तासांत ओरडून सांगते. दमटीची चूक दोन महिने गप्प बसते आणि वहीत शून्य लिहून ठेवते. दोघींपैकी कोणती वाईट, असं मला कुणी विचारलं तर मी दुसरी म्हणेन. पाच पेट्या तिनं नेल्या.

कुणी म्हणेल, पूर्वी कुठं माश्यांना औषधं लागत होती? प्रश्न रास्त आहे. महाबळेश्वरच्या रानात, मधसंचालनालयाच्या मधपाळांकडे किंवा 2022 साली मधाचं गाव झालेल्या मांघरला जी सातेरी माशी आहे, ती या माइटसोबत युगानुयुगं राहत आली. एकमेकींच्या अंगावरून माइट वेचते, आणि तिच्याकडे माइटची वीण बहुतेक नरांच्या घरांतच होते. आपल्या पेट्यांतली मेलिफेरा युरोपातून आलेली; भारतात ती 1962 च्या सुमारास नगरोटा इथं रुजवली गेली. तिला या शत्रूची ओळखच नव्हती. तिला इथं आपण आणलं, भरपूर मधासाठी आणि परागीभवनासाठी. तेव्हा तिचं दुखणं हे आपलंच काम आहे. आणि ते करायचं तर आपल्या हवेत करायचं आहे. दुसऱ्या कुणाच्या हवेतला आकडा इथं चालणार नाही.

अकरा पेट्या उरल्या होत्या. त्यातल्या काहींना दुबळ्या पेट्या जोडून घ्याव्या लागल्या आणि शेवटी आठ झाल्या. मी नवी वही काढली. पहिला रकाना तारखेचा. दुसरा हवेचा. औषधाचा रकाना त्यानंतर.

कार्तिकी एकादशीला पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्या रस्त्यानं गेल्या आणि थंडीची चाहूल लागली. दिवसा पारा तिशीच्या आसपास, रात्री अंगावर पांघरूण घ्यावं इतका गारवा, हवा कोरडी. मी घाई केली नाही. आठांपैकी दोनच पेट्या निवडल्या, कडुनिंबाच्या सावलीतल्या. बाटलीला बाहेरून पाच ठिकाणी दोरे बांधले, एक एक मिलीवर. संध्याकाळी पाचला, ऊन उतरल्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून वात लावली. तळपाटावर पांढरा कागद ठेवला, त्यावर गोडेतेलाचं बोट फिरवलेलं, म्हणजे पडलेली माइट उठून पळायची नाही. रात्री दहाला बॅटरी घेऊन एक दोरा उतरलेला पाहिला. पहाटे तिसऱ्या दोऱ्याच्या खाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाटली रिकामी. कागदावर एका पेटीचे एकेचाळीस ठिपके होते, तेलात रुतलेले. दाराशी एकही पिलू नव्हतं. माश्या आत होत्या, आणि पेटीला कान लावला तर नेहमीची गुणगुण येत होती.

मी तो कागद आत्याकडे घेऊन गेलो. तिनं चष्मा शोधला, लावला, बराच वेळ ठिपके न्याहाळले. मग उठून माठापाशी गेली आणि तळहाताची मागची बाजू माठाच्या पोटावर टेकवली, ताप बघावा तशी.

“आज बेतानं गार हाय,” ती म्हणाली.

तेव्हापासून मीही तेच करतो. तापमापक आहे, दमट हवा मोजायचं छोटं यंत्रही आणलं आहे, दोन्हींचे आकडे वहीत जातात. पण पेट्यांकडे जाण्याआधी मी माठाला हात लावतो. माठ बर्फासारखा गार असला तर वाती बाहेर काढायच्या नाहीत, हवा औषध एका घोटात पिईल. माठ कोमट असला तर साखरेच्या शून्यावर विश्वास ठेवायचा नाही. मध भरत असतानाच्या दिवसांत तर कुठलीच बाटली पेटीजवळ न्यायची नाही, मग माठ काहीही सांगो.

पुढच्या मेमध्ये खरी परीक्षा होती. करडई, ज्वारी संपलेली, बाभळीचा फुलोरा गेलेला, रानात माशीला काही नाही. पारा 43 वर. साबणाच्या पाण्यात अकरा ठिपके निघाले, म्हणजे शंभराला साडेतीनहून थोडे जास्तच. आणि फडताळात औषधाची बाटली भरलेली. थांबणं सोपं नव्हतं. डोळ्यांसमोर कीड दिसत असताना हातातलं औषध न वापरणं हे शेतकऱ्याच्या स्वभावात नाही.

मी आठही पेट्यांतल्या राण्यांना पिंजऱ्यात ठेवलं. छोटा जाळीचा पिंजरा, पेटीतच, दोन चौकटींच्या मध्ये; कामकरी माश्या जाळीतून तिला भरवतात, पण तिला अंडी घालता येत नाहीत. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला 21 दिवस लागतात, नराला 24. चोवीस दिवसांनी पेटीत बंद घर एकही उरत नाही. ट्रोपिलेलॅप्सला मोठ्या माशीचं अंग भेदता येत नाही, ती पिलाव्याशिवाय दोन-तीन दिवसांत उपाशी मरते. व्हरोआ मरत नाही, पण तिला लपायला जागा राहत नाही. मग पंचविसाव्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आत, साखरेच्या पाकात विरघळवलेलं ऑक्झॅलिक आम्ल दोन चौकटींच्या मधल्या फटीत पाच मिलीच्या हिशेबानं पिचकारीनं सोडायचं. ते वाफेच्या भरवशावर काम करत नाही, माशीच्या अंगावरून अंगावर पसरतं.

त्या चोवीस दिवसांत करण्यासारखं दुसरंही होतं. उघड्यावरच्या पेट्या मी कडुनिंबाखाली आणल्या. सावली पुरेना, तिथं तुरीच्या काड्यांचा मांडव घातला. परातीत खडे टाकून पाणी ठेवलं, माश्या बुडू नयेत म्हणून. आत्या दुपारी बाराला आणि तीनला पेट्यांवरची गोणपाटं ओली करून जायची. कोरड्या हवेत गोणपाट अर्ध्या तासात वाळायचं, तेवढा वेळ पेटी गार राहायची. पहिला पाऊस पडल्यावर तिनं तीच गोणपाटं काढून घडी घालून ठेवली. मी तसं सांगितलं नव्हतं.

पाचव्या क्रमांकाची पेटी मात्र राहिली नाही. ती आधीच दुबळी होती; नव्या माश्या निपजणं थांबल्यावर जुन्या सरत गेल्या. तेविसाव्या दिवशी सकाळी मूठभर माश्या राणीच्या पिंजऱ्याला लपेटून बसल्या होत्या, आणि राणी आत पडलेली. दुबळ्या पेटीला हा उपाय झेपत नाही. तिला आधीच दुसऱ्या पेटीत मिळवायला हवं होतं. बाकीच्या सात पेट्यांत पंचविसाव्या दिवशी मी पिंजऱ्यांची दारं उघडली. एका राणीला पाहिलं. ती पिंजऱ्यातून चौकटीवर उतरली, क्षणभर थबकली, आणि एका रिकाम्या घरात डोकं घालून ते तपासू लागली. तीन दिवसांनी तिथं उभी, तांदळाच्या कणीहून बारीक अंडी दिसली.

संध्याकाळी ओसरीवर वही घेऊन बसलो. सात पेट्यांची नोंद लिहिली आणि पेन बंद केलं.

आत्या कुरडयांच्या डब्याचं झाकण बसवत होती. “पाचवी गेली न्हवं?” तिनं विचारलं.

“हो.”

“मंग ती पण लिही की.”

मी पेन पुन्हा उघडलं. आधी तारीख घातली, मग त्या तेवीस दिवसांची हवा.